खोलीत आणखी कोणी आहे का?

आडकोंडच्या कोंडाजी गुरवाने आयुष्यात न केलेल्या गोष्टी पुष्कळ होत्या. त्याने मुंबई पाहिली नव्हती. नालासोपाऱ्याला मुलाकडे एकदा जाऊन आला होता, पण ती काही मुंबई नव्हे असं तिथलेच लोक त्याला म्हणाले. त्याने कधी विमा काढला नव्हता, मत कुणाला दिलं ते कधी सांगितलं नव्हतं आणि भेंडीची भाजी कधी खाल्ली नव्हती. यातल्या कशाचंच त्याला काही वाटत नसे. तोरा होता तो एकाच गोष्टीचा, आणि तो लपवतही नसे. एकोणचाळीस वर्षं काळकाईचा गुरव असून तिच्या नावावर तो एकदाही खोटं बोलला नव्हता.

आडकोंड म्हणजे पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कुशीत अडकलेली वाडी. एकोणीस घरं उघडी, तेवीस कुलूपबंद. देऊळ मात्र ऐटीत, कारण ते मुंबईला गेलेल्या वाडीकरांच्या मंडळाने बांधलेलं. पुढे बिनभिंतींचा सभामंडप, मागे दार असलेली एक खोली. खोलीत चौरंगावर देवीचा चांदीचा मुखवटा आणि शेजारी पालखी. दगडाची मूर्ती नाहीच. मुखवटा हीच देवी, खोली हेच तिचं घर, आणि वर्षातून एकदा शिमग्याला ती पालखीत बसून गावात फिरते. बाकी अकरा महिने ती घरी आणि कोंडाजी तिच्या दारात.

लोक येत ते कौलाला. मुखवट्याच्या दोन्ही बाजूंना तगरीची एकेक ओली पाकळी चिकटवायची, गाऱ्हाणं सांगायचं आणि वाट बघायची. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही, आणि कुठलीच पडली नाही तर देवीला विचार करायला वेळ हवा आहे असं समजून चहा टाकायचा. पंचायतीला उभा राहिलेला एक उमेदवार एकदा कौलाला आला. पाकळी डावी पडली. तो म्हणाला, "पुन्हा लावा." कोंडाजी म्हणाला, "देवी बहिरी नाय." स्वतःच्या मोतीबिंदूच्या वेळी देवीने त्याला तीनदा डावी दिली, म्हणून हा गडी दीड वर्ष म्हशीला भिंत समजून तिला टेकून उभा राहत होता. चौथ्यांदा उजवी पडली तेव्हा ती त्याला दिसलीसुद्धा नाही. ती शेजारच्या राहीबाईने बघून सांगितली.

अशा माणसाच्या दारात संगणकाची परीक्षा येऊन उभी राहिली, ती त्याच्या नातीमुळे.

नात स्नेहल. विनीतची, म्हणजे नालासोपाऱ्याच्या मुलाची मुलगी. शिकायला म्हणून महाडला आली आणि बिरवाडीला तीन मुलींबरोबर खोली घेऊन एका कारखान्यात कंत्राटावर लागली. कारखान्यात रसायन बनायचं, पण ही बसायची संगणकांपाशी. कुणाचा बंद पडला, कुणाचा पासवर्ड विसरला, ते बघायचं काम. दर शनिवारी ती आडकोंडला यायची, आणि कोंडाजीचा आठवडा शनिवारपासून मोजायला सुरुवात व्हायची. साहेबांनी तिला सांगितलं होतं की एक ठरावीक परीक्षा पास हो, तुला कायम करतो. नाहीतर तीस तारखेला कंत्राट संपलं. संपलं की विनीत तिला नालासोपाऱ्याला नेणार होता, आणि तिथून शनिवारी आडकोंडला कोणी येत नाही, हे कोंडाजीला स्वतःच्या मुलावरून ठाऊक होतं. पोर गेली तर आपण एकटे पडू, याची त्याला भीती वाटत होती. ती त्याने देवीलाही सांगितली नव्हती.

परीक्षा घरी बसूनच द्यायची होती. समोर कॅमेरा, पलीकडे कुठल्यातरी शहरात बसलेला एक पाळतीवरचा माणूस, आणि अट एकच. खोलीत दुसरी व्यक्ती असता कामा नये. स्नेहलने पहिल्यांदा ती बिरवाडीच्या खोलीत दिली. अर्ध्या तासाने तिची मैत्रीण नाझिया डबा विसरला म्हणून परत आली, तिने दार किलकिलं करून फक्त हात आत घातला आणि डबा उचलला. पलीकडच्या माणसाने तो हात पाहिला आणि परीक्षा तिथेच रद्द केली. नाझिया बिचारी दोन दिवस जेवली नाही. साहेब म्हणाले, आणखी एकदा बस, पण ही शेवटची.

म्हणून स्नेहल पंधरा दिवसांची रजा टाकून आडकोंडला आली. महाडच्या मुजम्मिल सरांनी तिला सहाशे प्रश्नांचा सराव दिला होता. सर कुवेतहून परतल्यापासून संगणकाचा वर्ग चालवत होते आणि कुठल्याही गोष्टीला आधी "शांत बसा, प्रश्न दोनदा वाचा" असं म्हणत. प्रश्न फोनवर. फोनला रेंज मिळे ती फक्त देवळाच्या उंचवट्यावर. तेव्हा दुपारची कामं आटोपली की स्नेहल सभामंडपात बसून प्रश्न मोठ्याने वाची, त्यांचं मराठी करून स्वतःलाच समजावी, आणि खांबाला टेकून कोंडाजी ऐके. चौथ्या दिवसापासून राहीबाईही वाती वळायला तिथेच येऊन बसू लागली. राहीबाई कोंडाजीपेक्षा सहा वर्षांनी मोठी. तो तिला वैनी म्हणे, आणि गावात त्याला घाबरवू शकेल असं माणूस तेवढं एकच होतं.

"एका कंपनीत," स्नेहल वाचत होती, "एका कर्मचाऱ्याला सकाळपासून इंटरनेट मिळत नाही. शेजारच्या टेबलावर मिळतं. तुम्ही प्रथम काय कराल? सर्व्हर बंद करून चालू कराल, त्या माणसाच्या संगणकाची वायर तपासाल, कंपनीचा राउटर बदलाल, की वरिष्ठांना कळवाल?"

"शेजाऱ्याला मिळतंय म्हंजे विहिरीत पाणी हाय," कोंडाजी म्हणाला. "यांचीच कळशी फुटकी. विहीर कशाला उपसायची?"

स्नेहलने वायर दाबली. बरोबर आलं. कोंडाजीने मिशीवरून हात फिरवला आणि खांबापासून एक हात पुढे सरकला.

पण सगळेच प्रश्न काही त्याला वश झाले नाहीत. एका कंपनीने एका माणसाला कामावरून काढलं आहे, त्याचा पासवर्ड कधी बंद कराल, असा एक प्रश्न आला. कोंडाजी म्हणाला, आधी त्याला बोलवा, दोन्ही बाजू ऐका, का काढलं ते समजून घ्या, जेवू घाला, मग बघू. चार पर्यायांत जेवणाचा पर्याय नव्हता. उत्तर होतं, तत्काळ. कोंडाजीला त्या दिवशी संध्याकाळचा चहा गोड लागला नाही.

मग आला एक भयंकर प्रश्न. एका कंपनीच्या सगळ्या फायलींना कोणीतरी लांबून कुलूप घातलं आहे आणि खंडणी मागत आहे. एका संगणकावरून ते दुसऱ्यावर पसरत चाललं आहे. प्रथम काय कराल? कोंडाजी लिंबू म्हणाला. राहीबाईने वात वळता वळता मान वर केली.

"लिंबू कसलं? एका म्हशीला खुरकूत आली की पहिली ती दावणीची सोडून लांब बांधायची. मग डाक्टर, मग लिंबू."

उत्तर तेच होतं. बाधलेला संगणक आधी बाकीच्यांपासून तोडा. त्या दिवसापासून राहीबाई उत्तर सांगताना स्नेहलकडे न बघता कोंडाजीकडे बघू लागली.

घोटाळा झाला तो निराळाच. आठव्या दिवशी कोंडाजी गंभीर होऊन म्हणाला, "गो, ही कंपनी एकच हाय का?"

"कुठली?"

"हीच. परवा तिचा सर्व्हर बसला. काल तिची फाइल चोरली. आज तिच्यात पाणी शिरलं. गड्यांना काढतात ते जाताना सगळं पुसून जातात. कुणी पासवर्ड भिंतीवर चिकटवतंय. चारशे माणसांचं पोट हाय म्हणतेस तिच्यावर. तिला काहीतरी लागलंय."

स्नेहलने समजावलं की अशी कंपनी नसतेच, ती प्रश्नासाठी मनाने बनवलेली असते. कोंडाजीला ते पटेना. मनाने बनवायची तर चांगली चाललेली का नाही बनवली? चारशे माणसं कामाला ठेवायची आणि तिची राखण करायला साधा नारळ द्यायचा नाही, हे त्याला शोभतं वाटेना. शेवटी त्याने स्वतःच एक नारळ आणला, वाडीतली पाचसहा माणसं बोलावली आणि देवीपुढे गाऱ्हाणं घातलं. "आई काळकाई, जिचं नाव प्रश्नात देत नायत त्या कंपनीचा सर्व्हर उभा ऱ्हाऊ दे, तिच्या फायली तिला मिळू दे, तिच्या पोरांना पासवर्ड आठवू दे." जमलेली मंडळी म्हणाली, "व्हय गो आई." कुणीही हसलं नाही. स्नेहलसुद्धा नाही, कारण तोवर तिलाही त्या कंपनीची काळजी वाटायला लागली होती.

एक गोष्ट मात्र कोंडाजीने त्या सहाशे प्रश्नांतून मनापासून उचलली. काही बिघडलं की हात लावण्याआधी विचारायचं, सगळं ठीक होतं तेव्हापासून बदललं काय? स्नेहल म्हणाली, मुजम्मिल सर म्हणतात निम्मे प्रश्न एवढ्यावरच सुटतात. कोंडाजीला हे इतकं आवडलं की डाळ खारट झाली तरी तो विचारू लागला, बदललं काय.

परीक्षा मंगळवारी अकराला. दार असलेली, प्लग असलेली आणि रेंज असलेली खोली वाडीत एकच होती. स्नेहलने रविवारी सहज सांगितलं, "आजा, देवीच्या खोलीत बसते. दार लावून घेते. सुरुवातीला तो माणूस कॅमेऱ्यातून चारी भिंती बघेल आणि विचारेल, खोलीत आणखी कोणी आहे का? नाही म्हणायचं, की झालं सुरू."

कोंडाजी तगरीची फुलं निवडत होता. त्याचा हात थांबला.

"नाय कसं म्हणशील?"

"म्हणजे?"

"देवी हाय की तिथं."

स्नेहलला वाटलं आजा थट्टा करतो आहे. तो थट्टा करत नव्हता. एकोणचाळीस वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगत आला होता की आत नुसती चांदी नाही, आत आई बसली आहे, चपला काढा, हळू बोला. आणि आता त्याच्याच रक्ताची पोर त्याच खोलीत बसून एका परक्या माणसाला सांगणार होती की इथे कोणी नाही. स्नेहल म्हणाली, मुखवट्यावर चादर टाकू. तो म्हणाला, चादर टाकली म्हणजे माणूस गेलं का? मी रोज रात्री पांघरूण घेतो. ती म्हणाली, तो व्यक्तीबद्दल विचारतो, देवाबद्दल नाही. तो म्हणाला, मग मी एवढी वर्षं कुणाशी बोलत होतो? परीक्षा देणारीला रडू आलं, आणि ते पाहून त्यालाही आलं, पण शब्द काही मागे घेता येईना.

एकच वाट होती. देवीनेच दोन तास बाहेर जायचं.

पण देवी बाहेर जाते ती पालखीतून, पालखी निघते ती शिमग्याला, आणि आत्ता होता मार्गशीर्ष. त्याने कौल लावला. पाकळ्यांनी पाऊण तास दोघांचा जीव टांगणीला लावला आणि मग उजवी पडली. तेवढ्याने भागत नव्हतं. देवीचं झालं तरी गावकी, म्हणजे वाडीची बैठक, बसायला हवी. सोमवारी सकाळी गावकी बसली. एरवी गटाराच्या वळणावरून तीन वर्षं एकमत न झालेली माणसं. गावकीच्या पुढाऱ्याने आधी हे विचारलं की परीक्षा नेमकी कशाची, आणि मग, तो माणूस हिंदू आहे का, कारण असला तर त्याला नीट समजावून सांगता येईल. स्नेहल म्हणाली, तो माणूस बहुधा मनिलाचा आहे. हे गाव कुठल्या तालुक्यात, यावर थोडी चर्चा झाली. शेवटी राहीबाई म्हणाली, "पोर खरं बोलायचं म्हणतेय, तर तिला खरं बोलू द्या. आपल्याला काय, चाललो तेवढंच पुण्य." ठराव झाला. अट अशी की ढोल नाही, ताशा नाही, जयघोष नाही, कारण आवाज आत गेला तर परीक्षा रद्द.

ही बातमी मुंबईच्या मंडळाच्या ग्रुपवर गेली आणि नालासोपारा ते दिवा एकच धांदल उडाली. शिमगा अलीकडे आला का? रजा टाकायची का? विनीतने फोन करून बापाला विचारलं, "बाबा, बरं हाय ना तुमचं?" कोंडाजी म्हणाला, "माझं बरं हाय. देवी जरा बाहेर निघालेय."

मंगळवारी साडेदहाला पालखी उठली. खांद्याला चार म्हातारे, पालट करायला आणखी चार. सगळ्यांत तरुण होता तो छप्पन्न वर्षांचा. कुत्री बांधून घातलेली. एक कोंबडा टोपलीखाली. आठ जोडी अनवाणी पावलं, त्यांच्या मागे अनवाणीच उरलेली वाडी, आणि कुणाच्या तोंडून हूं नाही की चूं नाही. एका घराच्या ओसरीवर पाहुणा आलेला सोयरा ते बघून उठून उभा राहिला आणि त्याने टोपी काढली. त्याला वाटलं गावात कोणीतरी गेलं.

नेहमी पालखीच्या पुढे गुरव असतो. कोंडाजी आयुष्यात पहिल्यांदा मागे राहिला, कारण खोलीच्या दाराशी पहारा हवा होता. आत स्नेहलने कॅमेरा चारी भिंतींवरून फिरवला. रिकामा चौरंग दिसला. पलीकडच्या माणसाने इंग्रजीत प्रश्न विचारला. स्नेहलचं उत्तर दाराबाहेर ऐकू आलं, आणि त्या उत्तराचा अर्थ कोंडाजीला ठाऊक होता. इथे दुसरं कोणी नाही. ते आज अक्षरशः खरं होतं. त्याला बरं वाटलं, आणि मग एकाएकी फार चमत्कारिक वाटलं. आत देवी नाही आणि तो मात्र दाराशी आहे, अशी ही त्याची पहिलीच वेळ.

चाळीस मिनिटं झाली. सभामंडपातला बल्ब त्याने मुद्दाम चालू ठेवला होता, वीज आहे हे कळावं म्हणून. तो बल्ब पिवळा झाला. मग तांबडा. मग विझत आलेल्या गोवरीसारखा नुसता धुमसायला लागला.

स्नेहलच्या संगणकाची बॅटरी नावापुरती होती. वीज गेली तर दहा मिनिटं, हे ती दहा वेळा बोलली होती. तो उठला, बसला, पुन्हा उठला. दार उघडून सांगावं तर आत हात दिसला की परीक्षा संपली. पोलादपूरच्या वायरमनला फोन करावा तर तो उद्या येणार, आणि येऊन परवा या म्हणणार. देवीला विचारावं तर देवी घरात नाही. पालखी बाहेर असली की कौल लागत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. तीन पर्याय खोडले. उरला एक. सगळं ठीक होतं तेव्हापासून बदललं काय?

साडेदहाला बल्ब पांढराशुभ्र होता. तेव्हापासून वाडीत एकच बदल झाला होता. पालखी निघाली होती. पालखी जिथे जाते तिथे काय होतं? भोयांच्या पायांवर पाणी घालतात. देवीला शिळं पाणी चालत नाही, ताजं लागतं. ताजं पाणी विहिरीचं. विहिरीवर मोटार. आणि देवळाची वायर येते ती राहीबाईच्या परसातल्या, त्याच मोटारीच्या खांबावरून.

अडुसष्ट वर्षांचा कोंडाजी देवळाच्या साठ पायऱ्या उतरला. कसा, हे त्याला नंतर सांगता आलं नाही. खाली पालखी राहीबाईच्या अंगणात टेकवलेली होती. राहीबाई हातात पाइप घेऊन अंगण, गल्ली आणि पुढचा रस्ता असा सगळा सडा घालत होती. शिमग्यात तिच्या घराची पाळी सगळ्यांच्या शेवटी, पहाटे, भोई पेंगत असताना येते. आज वाट बदलल्यामुळे पालखी तिच्याकडे दिवसाउजेडी आली होती. बाईच्या चेहऱ्यावर पोरीसारखा आनंद होता, आणि मोटार घरघरत होती.

"मोटार बंद कर वैनी," कोंडाजी धापा टाकत म्हणाला.

"का रे? अजून वाट भिजायची हाय."

"वर वीज उतरलेय. पोरीची..."

गावकीचा पुढारी मध्ये आला. देवीपुढे घातलेला सडा अर्ध्यावर थांबवायचा नसतो, असं तो म्हणाला. दुसरा म्हणाला, थांबवला तर चालतो, पण विचारून. तिसऱ्याने आठवण काढली की पूर्वी एकदा थांबवला होता तेव्हा नाचणी करपली. पुढारी म्हणाला, "बसून ठरवू," आणि खरोखरच अंगणात बसला. एकेक करून सगळे बसायला लागले. कोंडाजीने वर देवळाकडे बघितलं. सात मिनिटं राहिली असतील, कदाचित सहा.

"कौल झालाय," तो म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"आत्ता लावला. उजवी पडली. आई म्हणतेय, पाणी पावलं, आता पुरे."

एकोणचाळीस वर्षांत त्याचा शब्द कुणी खोटा मानला नव्हता. आजही कुणी मानला नाही. पुढारी हात जोडून उठला. राहीबाईने क्षणभर कोंडाजीकडे पाहिलं, पालखीतल्या मुखवट्याकडे पाहिलं, पाइप खाली ठेवला आणि आत जाऊन मोटार बंद केली. तिच्या अंगणाचा निम्मा भाग कोरडाच राहिला.

स्नेहल पास झाली. निकाल लगेच लागतो, तो पडद्यावरच आला. ती दार उघडून बाहेर आली तेव्हा कोंडाजी दाराशीच बसलेला होता, परत येऊन. तिने त्याला मिठी मारली. म्हणाली, मध्ये एकदा संगणकाने धोक्याची खूण दाखवली होती, पण आपोआप गेली. साहेबांनी त्याच आठवड्यात कायम केल्याचं पत्र दिलं. नाझियाने बिरवाडीहून मिठाई पाठवली. मंडळाच्या ग्रुपवर काळकाईच्या कृपेबद्दल एकशे बारा निरोप आले, आणि गावकीचा पुढारी जो भेटेल त्याला सांगू लागला की कौल अगदी वेळेवर झाला.

प्रत्येक वेळी ते ऐकताना कोंडाजी दुसरीकडे बघे. पोर राहिली, शनिवार राहिला, हवं होतं ते सगळं मिळालं. पोरीला एक शब्द खोटं बोलावं लागू नये म्हणून ह्याने अख्खं गाव अनवाणी चालवलं, आणि स्वतः मात्र भर अंगणात, देवीच्या तोंडावर, देवीच्याच नावाने खोटं बोलून मोकळा झाला. त्याला स्वतःची लाज वाटत होती. त्यात राहीबाई देवळात यायची थांबली. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. वाती संपल्या. आपलं पाणी देवीने नाकारलं असं म्हातारीने मनाला लावून घेतलं असणार, हे त्याला दिसत होतं.

पाचव्या दिवशी तो तिच्या ओसरीवर जाऊन बसला. राहीबाई तांदूळ निवडत होती.

"वैनी, त्या दिवशी कौल झाला नव्हता," तो म्हणाला. "मी खोटं बोललो. देवीने तुझं पाणी नाय नाकारलं. मी नाकारलं."

राहीबाईने एक खडा शोधला, अंगणात टाकला.

"मला ठाऊक हाय."

"कसं?"

"कोंडाजी, देवी माझ्या अंगणात बसलेली. डोळ्यांसमोर. मग वर देवळात तुला कौल दिला कुणी?"

अंगणात तेव्हा वीस माणसं होती. वीसच्या वीस जन्मापासून जाणत होती की पालखी बाहेर असली की कौल लागत नाही. एकानेही दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या.

"मग तू मोटार बंद का केलीस?"

"तू कधी खोटं बोलत नायस. बोललास म्हंजे वर काहीतरी पेटलेलं असणार. सडा काय, पुन्हा घालता येतो."

"आणि देवळात का नाय आलीस?"

"बघत होते. आपण होऊन येतो का नाय."

त्याने सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला. मग हळूच म्हणाला, "गावकीला सांगू का? सांगितलं तर पुढचा कौल कोण मानंल? नाय सांगितलं तर मी लावू कोणत्या तोंडाने?"

राहीबाईने सूप खाली ठेवलं.

"ते मला कशाला विचारतोस?" ती म्हणाली. "ती आता घरी हाय. तिला विचार."

कोंडाजी उठला. साठ पायऱ्या चढायला त्याला त्या दिवशी फार वेळ लागला.